नाशिकमध्ये कम्प्युटरच्या इतिहासाचा वॉक काढायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर शाखेला शिकवणाऱ्या सरांना दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी शहराच्या संगणकीय इतिहासाचा पायी वॉक आखायचा आहे. केंब्रिजला, लंडनला असे वॉक होतात. पण केंब्रिजमध्ये निदान 1949 साली एडसॅक हा सुरुवातीचा कम्प्युटर जिथे चालला ती जागा तरी दाखवता येते. "आपल्याकडे शोध लागला नाही, मोठं मशीन बनलं नाही. मग मुलांना उभं कुठे करायचं आणि सांगायचं काय?"

सर, मी बँकेच्या कम्प्युटर विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जुन्या नाशकातले हेरिटेज वॉक घेते. तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर आहे: मशीन शोधू नका, हिशेब शोधा. या गावाला कुठला हिशेब कधी करावा लागला, तो कोणी केला, कशाने केला आणि चुकला तर काय झालं, एवढं धरून चाललात तर नाशिकमध्ये एक दिवस अपुरा पडेल. "शहरातला पहिला कम्प्युटर कुठे आला" या प्रश्नामागे मात्र लागू नका. चार दुकानदार चार पत्ते देतील आणि मुलांना त्यातून काहीच कळणार नाही. टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक हा कम्प्युटर 1960 साली सुरू झाला, 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिलं. पण तो इतिहास मुंबईचा आहे, तो वर्गात सांगा. रस्त्यावर उभं राहून फक्त त्या जागेचंच बोला.

सुरुवात पांडवलेण्यांपासून, म्हणजे शहराजवळच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांपासून करा. मुलं म्हणतील, लेण्यांत कसला कम्प्युटर? म्हणूनच तिथून करायची. सकाळी लवकर बसने पायथ्याशी उतरा, पायऱ्या चढा आणि थेट दहाव्या लेण्याच्या ओसरीत जा. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापणांची (कार्षापण म्हणजे त्या काळचं नाणं) कायम ठेव ठेवली. त्यातले 2000 गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे व्यावसायिक संघाकडे), शेकडा दरमहा एक या दराने, आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा दरमहा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 च्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण कपड्यासाठी द्यायचे.

इथे मुलांच्या हातात कागद द्या आणि मोबाइल खिशात ठेवायला सांगा. 2000 वर दरमहा 20, म्हणजे वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले 12, तेही 240. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. मग विचारा, दात्याने आधी ठेव ठरवली की आधी खर्च? बहुतेक मुलांच्या लक्षात येतं की गणित उलटं मांडलेलं असणार: गरज 240 ची, दर ठरलेला, म्हणून ठेव 2000 ची. त्याच लेखात पुढे 70000 कार्षापणांचं दान आहे, 35 ला एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) या भावाने 2000 सुवर्णांच्या किमतीचं. भागून बघा, बरोबर येतं.

मुलांना दोन गोष्टी बोट दाखवून समजावून सांगा. (बोट दाखवूनच. भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित ठिकाण आहे, भिंतीला हात लावायचा नाही, खडू फासायचा नाही.) पहिली, रक्कम अक्षरी आणि अंकी अशी दोन्ही प्रकारे कोरली आहे, आपण आजही चेकवर लिहितो तशी. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून पकडता यावी. तुमची मुलं डेटा पाठवताना चेकसम, म्हणजे चूक पकडायला पडताळणीचा आकडा जोडायला शिकतात, त्यामागचा विचार हाच. दुसरी, हे ब्राह्मी अंक स्थानमूल्याचे नाहीत. यात शून्य नाही. हजाराची वेगळी खूण आहे, तिला रेघा जोडून दोन हजार, तीन हजार होतात आणि 70 ची खूण जोडून सत्तर हजार. संख्या नीट लिहिता येते, पण या खुणा एकाखाली एक मांडून गुणाकार करायला सांगा, मुलं पाच मिनिटांत हैराण होतात. स्थानमूल्य आणि शून्य यांनी आपल्याला नेमकं काय दिलं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा इथे चांगलं कळतं. माझ्या मते संपूर्ण दिवसातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे, त्याला कात्री लावू नका.

लेखाचा शेवटचा भागही वाचून दाखवा. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत जाहीर केलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे दस्त, साक्ष आणि सार्वजनिक नोंद, तिन्ही आलं. आणि ते गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडवरचं गोवर्धन. त्याच भागात 1989 साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. महाराष्ट्रभर विखुरलेल्या विद्यार्थ्यांचे प्रवेश, पुस्तकं, परीक्षा आणि निकाल एका जागेवरून सांभाळायचे म्हणजे नोंदींचं केवढं काम, याचा अंदाज मुलांना करू द्या. पायी वॉकमध्ये ते बसत नाही, पण लेण्यांवरून खाली उतरताना उल्लेख जरूर करा.

तिथून बसने पंचवटी. बुधवार टाळा, बाजारामुळे गंगाघाटावर (गोदावरीच्या घाटावर) पाय ठेवायला जागा नसते. रामकुंडाच्या परिसरात तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हा दुसरा मोठा विषय. लांबलचक वह्या, जुन्या नोंदी मोडीत. यजमान आला की उपाध्याय विचारतात: गाव कुठलं, आडनाव काय? त्यावरून हे यजमान कोणत्या उपाध्याय घराण्याकडचे ते ठरतं, मग त्या गावाची वही निघते, मग आडनाव, मग कूळ, आणि मिनिटांत पणजोबा कधी, कोणाबरोबर आले होते ते समोर येतं. मुलांना म्हणावं, हजारो कुळांतून एक नोंद शोधायला किती पायऱ्या लागल्या ते मोजा. गाव, आडनाव, कूळ असा टप्प्याटप्प्याने शोध लहान होत जातो. इंडेक्सिंग शिकवायला याहून चांगलं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय जुनी नोंद खोडत नाहीत, नवी पुढे जोडतात आणि आलेला माणूस स्वतः सही करतो. डेटाबेस शिकणाऱ्या मुलाला यातलं काय घेण्यासारखं आहे हे वेगळं सांगायला नको.

मात्र इथे शिस्त पाळा. उपाध्यायांशी आधी जाऊन बोला, दक्षिणा ठरवा, आणि ज्याचं कूळ त्या वहीत आहे अशा एकाच विद्यार्थ्याची नोंद त्याच्या संमतीने बघा. इतरांच्या पानांचे फोटो नकोत. त्या लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत. खासगी माहिती म्हणजे काय यावरचं तुमचं अख्खं लेक्चर या दोन वाक्यांत होईल.

घाटावरच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. नाशिककर पूर मोजतात तो याच्या अंगावर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. मारुती बुडाला की गावात धावपळ. घाटावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, 1969 चा पूर जुनी माणसं आजही याच मापाने सांगतात. याच्या शेजारी गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडा ठेवा. तो क्युसेकमध्ये येतो, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. मुलांना विचारा, सरदार चौकातल्या दुकानदाराला 20000 क्युसेक कळतं की मारुतीची छाती? दोन्ही मापं एकमेकांशी जोडून देणं हे खरं इंजिनिअरचं काम. ते काम नाशिकमध्ये होतं, दिंडोरी रोडवर. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, तिथे 1959 पासून आहे, आणि धरणांची संकल्पचित्रं करणारी राज्याची मध्यवर्ती संघटनाही त्याच आवारात. कम्प्युटर येण्याआधी ही गणितं स्लाइड रूल (सरकवून गणित करायची पट्टी), आलेख आणि कोष्टकांवर होत. जमलं तर एखाद्या निवृत्त अभियंत्याला स्लाइड रूल घेऊन घाटावर बोलवा. गुणाकार म्हणजे दोन लांब्यांची बेरीज, हे डोळ्यांनी बघितलेलं मूल लॉगॅरिदम कधी विसरत नाही.

सरदार चौकात दोन मिनिटं थांबा आणि आवाज खाली आणून सांगा. 27 ऑगस्ट 2003 ला कुंभमेळ्यात इथे चेंगराचेंगरी होऊन 39 माणसं गेली. गर्दी मोजता येणं हा हिशेब जिवाशी जोडलेला आहे. 2015 च्या कुंभाच्या तयारीत एमआयटी मीडिया लॅबमधले प्राध्यापक रमेश रासकर, मूळचे नाशिकचेच, यांच्या पुढाकाराने कुंभथॉन, म्हणजे कुंभाच्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उपाय शोधायचा उपक्रम झाला. त्यातून नाशिकच्या एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी पावलांचा दाब ओळखून माणसं मोजणारी चटई तयार केली आणि ती मेळ्यात वापरून पाहिली गेली. तुमच्या मुलांपेक्षा लहान वयाचा मुलगा होता तो. पुढचा कुंभ 2027 चा आहे. मी इथे मुलांना पाच मिनिटं देते: गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, आत जाणारे आणि बाहेर येणारे मोजा. दोन मुलांचे आकडे कधीच जुळत नाहीत. का जुळले नाहीत यावर जी चर्चा होते ती सेन्सरच्या धड्यापेक्षा सरस असते.

गोदावरीवरच्या रामसेतू पुलावरून पलीकडे भांडी बाजार, सराफ बाजार. इथे विषय पाढ्यांचा. एक तोळा म्हणजे 12 मासे, एक मासा म्हणजे 8 गुंजा. एक रुपया म्हणजे 16 आणे, 64 पैसे, 192 पै. या दोन मापांची सांगड घालून गिऱ्हाईक समोर असताना तोंडी भाव काढायचा. त्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असत. औटकी साडेतीनची: बे औटे सात, तीन औटे साडेदहा. प्रत्येक वेळी गुणाकार करण्याऐवजी उत्तरं आधीच साठवून ठेवायची आणि लागेल तेव्हा उचलायची, ही युक्ती कम्प्युटरमध्ये आजही वापरतात. 1 एप्रिल 1957 ला नवा पैसा आला, मग मेट्रिक वजनं आली, आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांचं काम एका पिढीत संपलं. एखादे जुने सराफ आजोबा तयार असतील तर त्यांची आणि कॅल्क्युलेटरवाल्या मुलाची शर्यत लावा. पण आजोबांची करमणूक होता कामा नये. ते शिक्षक आहेत, तशी ओळख करून द्या, खुर्ची द्या, नमस्कार करायला सांगा.

मेन रोडला आलात की बँकांचा विषय काढा. इथे मी जरा जास्त बोलते, कारण हे माझं आयुष्य आहे. रोजकीर्द, खतावणी, दिवसअखेर ताळा. ताळा लागला नाही तर रात्री नऊ वाजले तरी कोणी घरी जात नसे. फरकाला नऊने भाग गेला तर जुना कॅशियर लगेच म्हणायचा, कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, 54 चे 45 झालेत. मुलांना हे फळ्याविना सिद्ध करून दाखवायला सांगा: दोन शेजारचे अंक उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. 1983 मध्ये बँक संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, 1984 मध्ये बँकांच्या कम्प्युटरीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग शाखांमध्ये खात्यांच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशिनं आली. कर्मचाऱ्यांनी विरोध केला, हेही सांगा, आणि त्याला अडाणीपणा म्हणू नका. नोकऱ्यांची भीती खरी होती आणि संघटनांनी वाटाघाटी करून बदलाचा वेग ठरवला, म्हणून माणसांना शिकायला वेळ मिळाला. ज्या मुलांना उद्या एआयबद्दल निर्णय घ्यायचे आहेत त्यांनी हा भाग नीट ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

सार्वजनिक वाचनालय 1840 चं आहे, वाटेत येतं, तिथे जास्त थांबू नका. मुलांचा वेळ छापखान्यांना द्या. खिळे जुळवणारा जुळारी शेकडो खणांच्या केसमधून न बघता अक्षर उचलायचा. जोडाक्षरांमुळे मराठीची केस इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी. मग डीटीपी, म्हणजे कम्प्युटरवर पानं जुळवणं आलं आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली. कागदावर छान दिसायचं, पण तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत वाढलेलं भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान, भारतीय अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं 1991 चं इस्की मानक, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि मग जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचं युनिकोड मानक, या वाटेने मराठी कम्प्युटरमध्ये खरी शिरली, म्हणजे शोधता येण्याजोगी, वर्णानुक्रमे लावता येण्याजोगी झाली. कुठल्याही अक्षरजुळणीच्या दुकानात वीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिकेची फाइल मिळेल. ती मुलांच्या लॅपटॉपवर उघडा आणि "वाचा" म्हणा. हजारो मराठी पुस्तकं आणि अंक अजून अशाच फाइलींत अडकलेले आहेत. त्यांना युनिकोडमध्ये आणणारं साधन लिहिणं हा एखाद्या गटाचा उत्तम प्रोजेक्ट होईल.

शेवटचा मुक्काम जुनं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. मशीन येण्याआधी एसटी कंडक्टरच्या पेटीत निरनिराळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असत, त्यावर अनुक्रमांक. वे-बिलावर, म्हणजे खेपेच्या हिशेबाच्या कागदावर सुरुवातीचा नंबर आणि शेवटचा नंबर लिहायचा. वजाबाकी केली की किती तिकिटं गेली ते कळतं, किमतीने गुणलं की किती पैसे जमायला हवेत ते कळतं. एकेक तिकीट मोजायची गरजच नाही. निवृत्त कंडक्टर शोधायला तुम्हाला त्रास पडणार नाही, सीबीएसवर चहा घेताना दोन जणांना विचारा. मुलांना कोरं वे-बिल काढून द्या आणि नाशिक-त्र्यंबक एक खेप भरायला लावा. मधल्या थांब्यांवर चढउतार आहेत, अर्धी तिकिटं आहेत, एक तपासनीस मध्येच चढतो. हा व्यायाम शेवटी ठेवण्याचं कारण व्यवहाराचं आहे: इथून मुलांना घरी जायला बस मिळते.

नाशिक रोड आणि देवळाली याच दिवशी कोंबू नका, तो वेगळा अर्धा दिवस करा, बसने. 1925 चं इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि 1928 चं करन्सी नोट प्रेस बाहेरूनच बघायचं आहे, फोटो काढायचा नाही. एकेक नोट वेगळी ओळखता यावी म्हणून तिच्यावर क्रमांक असतो, हा विषय तिथे काढा. चिप बसवलेले ई-पासपोर्टही इथेच बनतात. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. तोफेचा गोळा कुठे पडेल हे अंतर, दारूचा भार, वारा, हवेचं तापमान, नळीची झीज या सगळ्यांवर ठरतं आणि त्यासाठी कोष्टकं लागतात. अमेरिकेत एनियाक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक कम्प्युटर बांधला गेला तो याच कोष्टकांसाठी. साठ सेकंदांच्या एका उड्डाणाचा हिशेब टेबलावरच्या यंत्राने करायला माणसाला सुमारे 20 तास लागत, एनियाकने तो 30 सेकंदांत केला. 1946 साली तो जगापुढे आला. कम्प्युटरचं मूळ काम काय होतं हे सांगायला तोफखान्याच्या गावासारखी जागा नाही. हद्दीच्या आत जायचं असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर बरंच आधी पत्र द्या.

ओझरचा 1964 चा एचएएलचा विमान कारखाना आणि सातपूर-अंबडच्या कंपन्या चालण्याच्या टप्प्यात नाहीत. तिथे औद्योगिक भेट म्हणून वेगळं जा.

आता व्यवहाराचं. एका गटात वीसच्या वर मुलं नकोत, मेन रोडवर मागच्याला ऐकू येत नाही. साठ मुलं असतील तर तीन रविवार करा. तुम्ही स्वतः मार्ग आधी एकट्याने, त्याच वारी आणि त्याच वेळी चालून बघा. सराफ बाजार सकाळी उशिरा उघडतो, त्यामुळे लेणी आणि घाट आधी, बाजार नंतर, हा क्रम मोडता येत नाही. पावसाळ्यात घाटाचा भाग आदल्या संध्याकाळचा विसर्ग बघून ठरवा. आणि ज्या माणसांना बोलवाल, कंडक्टर, जुळारी, कॅशियर, सराफ, त्यांचं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि एक प्रत त्यांच्या घरी पोचवा. हे काम मुलांवर सोपवा, नावं वाटून द्या आणि तारीख ठरवून द्या. ही माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा वॉक पुढच्या सत्रावर ढकलू नका, याच सत्रात काढा.